उरलेल्या गोळ्यांचा डबा



मागच्या चतुर्दशीला बस्तीत अभिषेक झाल्यावर आम्ही सात-आठजणी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळं बोलणं पोटाच्या तक्रारींवर आलं. एक वहिनी म्हणाल्या, "मला आव झाली होती. डॉक्टरांनी गोळी दिवसातनं तीनदा सांगितली होती. पण मी रात्रीची घेतलीच नाही, दोनच घेतल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, मग त्याही बंद केल्या. नियम मोडला नाही बघा." सगळ्याजणी कौतुकानं त्यांच्याकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "धन्य आहे हो तुमची." मीही मान हलवली.

घरी आले आणि माझी मलाच लाज वाटली. कारण या कौतुकाची किंमत काय असते ते माझ्या घरानं मोजलेलं आहे. त्या दिवशी गप्प बसले, म्हणून आज लिहिते आहे, आणि स्पष्ट लिहिणार आहे. राग आला तर क्षमा करा, पण शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाईंना आव-रक्त पडायला लागलं. त्यांचा सूर्यास्तानंतर चारी आहारांचा त्याग आहे. माझं लग्न व्हायच्या आधीपासूनचा, आणि त्यांनी तो एकदाही मोडलेला मी पाहिलेला नाही. डॉक्टरांनी शौच तपासायला दिलं, अमीबा निघाला. त्यांनी मेट्रोनिडॅझोलची गोळी लिहून दिली, रोज तीन वेळा, सात दिवस. "आठवड्यानं परत या, दुसरं एक औषध द्यायचं आहे," असंही म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली. नियमाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मी शेजारीच उभी होते, मला नियम माहीत होता, तरी मीही बोलले नाही. डॉक्टर म्हणतील, "या वयात कसले उपास-तापास, बंद करा." मग त्यांना वाईट वाटेल, घरात वाद होईल. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी आपलं आपण ठरवून टाकलं. सकाळची घ्यायची, सूर्यास्ताआधीची घ्यायची, रात्रीची सोडायची. पाचव्या दिवशी शौच घट्ट झालं. "आता काय गरज? तोंड कडू होतं त्या गोळीनं," म्हणत त्यांनी उरलेल्या तेरा गोळ्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. परत दाखवायला जायचं ते राहिलंच. पर्व निर्विघ्न पार पडलं म्हणून आम्ही सगळे समाधानी.

दिवाळी झाली आणि त्यांना थंडी वाजून ताप यायला लागला. उजव्या बरगडीखाली दुखायचं, कळ खांद्यापर्यंत जायची, जेवण जाईना. सोनोग्राफी केली तर यकृतात पू झालेला. मोसंबीएवढा. शहरातल्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं, सुई घालून पू काढला. पुण्याई म्हणून वाचल्या.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, "तेव्हा गोळ्या पुऱ्या केल्या असत्या तर हे झालंच नसतं का?" ते म्हणाले, "तशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण आतड्यात जे शिल्लक राहिलं त्याला तुम्ही दोन महिने दिलेत." मग थोडं थांबून म्हणाले, "त्यांचा रात्रीचा नियम होता तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ना. त्या हिशेबानं औषध ठरवता आलं असतं."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. आम्हाला वाटत होतं की एका बाजूला नियम आहे आणि दुसऱ्या बाजूला गोळी, दोन्हीतलं एक निवडायचं आहे. प्रत्यक्षात तसं काहीच नव्हतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते आम्ही दोघींनी गिळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नियम पाळा, दृढतेनं पाळा. पण डॉक्टरांपासून लपवून, औषधाला परस्पर कात्री लावून जे केलं जातं त्याला नियम म्हणू नका. ती आपल्या जिवाशी केलेली बेफिकिरी आहे, आणि बेफिकिरीला आपल्या शास्त्रात प्रमाद म्हणतात. हिंसेचं मूळ प्रमादात आहे हे आपण पाठशाळेत लहानपणीच शिकलो.

आता ही गोळी तीन वेळा का देतात ते समजून घेऊ. मेट्रोनिडॅझोल 1960 पासून वापरात आहे. आपण तिला फ्लॅजिल किंवा मेट्रोजिल या नावांनी ओळखतो. अमीबा, जिआर्डिया असे परजीवी आणि हवेशिवाय वाढणारे काही जिवाणू, दोन्हींवर ती चालते. म्हणून आवेला देतात, दाढेखाली पू झाला तर देतात, बायकांच्या काही त्रासांतही देतात. घेतलेल्या गोळीचा अंश साधारण आठ तासांत रक्तात निम्मा होतो. पुढच्या आठ तासांत त्याच्याही निम्मा. म्हणून ठरावीक अंतरानं पुढची गोळी लागते. रात्रीची गोळी सोडली आणि दिवसाच्याही मनाला येईल तशा घेतल्या, की औषधाचं बळ घटतं आणि जंतूंना सावरायला वेळ मिळतो.

पण हेही ऐका. याच कुळातल्या सगळ्या गोळ्या तीन वेळा घ्याव्या लागत नाहीत. टिनिडॅझोल शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून काही आजारांत ती दिवसातून एकदाच देतात. सेकनिडॅझोल तर काही वेळा एकाच दिवशी देऊन काम भागतं. कधी डॉक्टर म्हणतील, "तुमच्या आजारात सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात तीन गोळ्या बसवू." कधी म्हणतील, "नाही, इथं रात्रीची लागेलच, काही दिवस सुईनं शिरेतून देऊ." कधी कुठलाच पर्याय नसेल. यातलं काय बसतं ते आजारावर, वयावर, यकृतावर अवलंबून असतं, आणि ते डॉक्टरच ठरवू शकतात. हे वाचून दुकानात जाऊन टिनिडॅझोल मागू नका, नाहीतर माझा हा लेख वाया गेला असं मी समजेन. मला एवढंच दाखवायचं आहे की रस्ते असतात. पण आपला नियम ज्यांना माहीतच नाही, ते आपल्याला त्यातला रस्ता दाखवणार कसे?

दुसरी गोष्ट, ते "आठवड्यानं परत या" म्हणतात ती. अमीबाचं एक कवचधारी रूप असतं, ते आतड्याच्या पोकळीत राहतं. मेट्रोनिडॅझोल आतड्याच्या भिंतीत शिरलेल्या अमीबावर उत्तम चालते, पण पोकळीतल्या त्या कवचांवर तेवढी चालत नाही. म्हणून मागाहून वेगळं औषध देतात. ते घेतलं नाही तर बाई बरी दिसते, हिंडते-फिरते, स्वयंपाक करते, आणि तिच्या शौचातून कवचं बाहेर पडत राहतात. हात नीट धुतले गेले नाहीत तर ती घरच्यांच्या पोटात जातात. शौच घट्ट झालं म्हणजे आजार संपला असं नाही, हे आमच्या घरानं फार महाग शिकलं.

आता काही बोलणी, जी मी नेहमी ऐकते.

पहिलं बोलणं: "औषधानं जंतू मरतात, म्हणजे हिंसाच. जितकी कमी गोळी तितकी हिंसा कमी." ऐकायला हे किती करुणेचं वाटतं! पण विचार करा. आपण गृहस्थ आहोत. हिंसेचे चार प्रकार आपण शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. अंगावर आलेलं संकट परतवताना जी घडते तिची गणना वेगळी. शिवाय अर्ध्या गोळीनं जीव वाचतो कुणाचा? कमी औषधानं दुबळे जिवाणू मरतात आणि चिवट मागं राहून वाढतात. मग त्याहून जबर औषध लागतं, आणि मरायचे ते जास्तच मरतात. वर आपल्यामुळं घरातली आणखी दोन माणसं आजारी पडतात, त्यांचंही औषधपाणी. ज्यांच्या मनात खरोखर ही शंका आहे त्यांनी आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारावं. पण शंका खरी असेल तर गोळी सुरू करायच्या आधी विचारा. तिसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर जी शंका येते, ती करुणेतून आली की कंटाळ्यातून, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

दुसरं बोलणं: "आपल्याकडं गाळलेलं पाणी. आपल्याला कसली आव?" पाणी गाळण्याचा मला अभिमान आहे. माझ्या आजोळी जिवाणी परत विहिरीत सोडताना मी लहानपणी पाहिलं आहे. बांगलादेशात 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडीच्या कापडाच्या घडीतून पाणी गाळल्यानं पटकीचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं होतं, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या या आचाराला कुणी हसायचं कारण नाही. पण अमीबाची कवचं त्या गाळणीत अडकत नाहीत. आपला केस जेवढा जाड असतो त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी ती बारीक. ती मरतात पाणी उकळल्यावर. आपल्या आचारात गाळणं आणि उकळणं दोन्ही आहे. घरात फक्त गाळून भागवायचं आणि वर म्हणायचं की आपल्याला काही होत नाही, हा आचार झाला नाही, नुसता अभिमान झाला. आणि घरात कितीही कडक असलो तरी लग्नाकार्यात, प्रवासात, बाहेरच्या चटणीतून, न धुतलेल्या हातातून आव येतेच. ती झाली म्हणून आपला आचार खोटा ठरत नाही, तेव्हा लपवायचंही कारण नाही.

तिसरं बोलणं, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग येतो: "उरलेल्या गोळ्या वाया कशाला घालवायच्या? कुणाच्या तरी कामी येतील. औषधदानच की!"

मैत्रिणींनो, चार दानांत औषधदान आहे, आणि आपल्या समाजानं त्यासाठी दवाखाने काढले, धर्मादाय ओपीडी चालवल्या. ते औषधदान. आपल्या डब्यातल्या अर्ध्या पाकिटातल्या सहा गोळ्या कामवालीच्या मुलीच्या हातावर ठेवणं हे औषधदान नाही. आमच्या त्या तेरा गोळ्यांचं काय झालं ते सांगते. त्यातल्या सहा मीच आमच्याकडं काम करणाऱ्या मावशींना दिल्या. त्यांच्या लेकीला जुलाब होत होते. ती तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती हे मला नंतर कळलं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर ही गोळी शक्यतो टाळतात, द्यायची की नाही ते तपासून ठरवतात. मी काय तपासलं? काही नाही. दिल्याचं समाधान मात्र घेतलं. सुदैवानं तिनं ती गोळी घेतलीच नव्हती, आणि तिचं बाळ आज अंगणात खेळतंय. पण त्याचं श्रेय माझ्या दानाला नाही.

तिला नक्की काय झालं होतं तेही मला माहीत नव्हतं. जुलाब कितीतरी कारणांनी होतात. विषाणूंमुळं झालेल्या जुलाबावर ही गोळी काहीच करत नाही. पोटात जंत झाले तर त्याची गोळी निराळी. बऱ्याच जुलाबांत पहिली गरज असते ती पाणी, मीठ आणि साखर यांची. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. आज तीच ओआरएसची पुडी दुकानात मिळते. द्यायचीच हौस असेल तर ती द्या, उकळून गार केलेलं पाणी द्या, रिक्षाचं भाडं द्या आणि दवाखान्यात पाठवा.

ओआरएसवरून आणखी एक सांगते. जुलाब चालू असताना निर्जल उपवास करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पाणी कमी झालं की मूत्रपिंडांवर ताण येतो, चक्कर येते, शुद्ध हरपू शकते. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, रक्त पडतंय, ताप आहे, माणूस ग्लानीत आहे, तर त्या दिवशी उपवासाचं कौतुक करू नका, गाडी बोलवा.

चौथं बोलणं: "या गोळीबरोबर दारू चालत नाही म्हणतात. आपला काय संबंध?" खरंच, दारूशी आपला संबंध नाही. पण घरातली आसवं-अरिष्टं? अशोकारिष्ट, द्राक्षासव, कुमार्यासव. बाटलीवरचं लेबल वाचा. आंबवण्यातून आपोआप तयार झालेला मद्यार्क त्यात असतो, आणि तसं लिहिलेलंही असतं. काही खोकल्याच्या औषधांतही असतो. आपल्यातल्या कितीतरीजणी त्याच कारणानं आसव घेत नाहीत, पण घेणाऱ्याही आहेत. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस मद्यार्क पोटात जाऊ देऊ नये अशी सूचना गोळीच्या पत्रकात असते. काहीजणांना त्यानं उलट्या, धडधड, डोकेदुखी, अंगावर लाली असा त्रास होतो. तेव्हा डॉक्टरांना आयुर्वेदिक बाटल्यांचीही नावं सांगा. "ते काय, घरगुती आहे" म्हणून गाळू नका.

आणि नेहमीची औषधंही सांगा. माझ्या नात्यात एका काकांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, ते रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात. जुलाब झाले म्हणून काकूंनी घरातलीच ही गोळी दिली. मेट्रोनिडॅझोलमुळं वॉरफरिनचा जोर वाढतो. चार दिवसांनी त्यांच्या हिरड्यांतून रक्त थांबेना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, मनाच्या आजारातली लिथियमची गोळी, दारू सोडवण्यासाठी दिलेली गोळी, यांपैकी काहीही चालू असेल, यकृताचा आजार असेल, पूर्वी या गोळीची ॲलर्जी आली असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर ते आधी सांगायला हवं.

गोळी पोटात गेल्यावर काय होतं तेही माहीत असू द्या, म्हणजे घाबरून मध्येच बंद करणार नाही. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, भूक कमी होते. म्हणून गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर पाण्याबरोबर घेतात. एकाशनाच्या दिवशी उपाशीपोटी तीन-तीन गोळ्या घेऊन मग "मला ती सोसत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. पातळ औषध दिलं असेल तर त्याची वेळ वेगळी असू शकते, विचारून घ्या. काहीजणींची लघवी गडद, तांबूस होते. ते दिसायला भीतीदायक असलं तरी या गोळीचं नेहमीचं लक्षण आहे. पण हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, फिट येणं, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणं, यांतलं काही झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. एखादी गोळी विसरली तर आठवल्यावर घ्या. पुढचीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. पर्वाच्या घाईत कितीतरीजणी सूर्यास्ताआधी दोन्ही एकदम गिळतात, ते चुकीचं आहे.

एक नाजूक गोष्टही बोलते, कारण आपल्यात ती कुणी बोलत नाही. पांढरं जाणं, वास येणं, खाज येणं यासाठीही हीच गोळी दिली जाते. बायका ती लपवून घेतात, पाकीट साड्यांच्या घडीखाली ठेवतात, आणि घरात कुणाला दिसेल म्हणून निम्म्यावर सोडतात. त्यातल्या ट्रायकोमोनास नावाच्या आजारात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तो आजार परत येतो. बायकोनं एकटीनं लाजत गोळ्या खायच्या आणि महिन्यानं पुन्हा तेच. इथंही औषध तेच सांगतं, जे नियमाच्या बाबतीत सांगितलं: बोला.

आता डॉक्टरांबद्दलही बोललं पाहिजे, सगळा दोष आपलाच नाही. नियम म्हटला की हसणारे, "हे असलं काही चालणार नाही" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारणारे डॉक्टर मीही पाहिले आहेत. एका बाईनं हिंमत करून सांगितलं आणि तिला सगळ्यांसमोर झापलं, तर ती पुन्हा कधीच बोलणार नाही. घरी जाऊन गोळी मात्र सोडेल. डॉक्टरांनी दोन मिनिटं द्यायला हवीत. ते देत नसतील तर आपण मागायला हवीत. "डॉक्टर, माझा सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम आहे. या वेळेत बसणारं औषध देता येईल का? नसेल येत तर तसं सांगा, मी माझ्या गुरूंना विचारते." हे वाक्य पाठ करा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि गुरूंना विचारायला घाबरू नका. आचार्य समंतभद्रांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यांना भस्मक व्याधी झाली. त्यांनी गुरूंकडं सल्लेखनेची आज्ञा मागितली. गुरूंनी ती दिली नाही. तुमच्या हातून धर्माचं अजून मोठं काम व्हायचं आहे, आधी व्याधी बरी करा, मग पुन्हा दीक्षा घ्या, असं सांगितलं. केवढे मोठे आचार्य, आणि केवढा मोठा त्याग त्यांना बाजूला ठेवावा लागला. पण दोन गोष्टी पाहा. त्यांनी व्याधी गुरूंपासून लपवली नाही, आणि निर्णय परस्पर घेतला नाही. यम जन्मभराचा, नियम ठरावीक मुदतीचा, हा भेद सांगणारे रत्नकरंड श्रावकाचारकर्ते हेच समंतभद्र. आमच्या श्वेतांबर मैत्रिणींकडं पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात. म्हणजे ज्यांनी नियम घालून दिले त्यांनी आजारी माणसाचा विचार आधीच केलेला आहे. तो विचार न करता कडक होणं ही आपली भर आहे.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्यावर मी त्यांना घेऊन माताजींच्या दर्शनाला गेले. सगळं सांगितलं. माताजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आम्हाला तेव्हाच का नाही विचारलंत?" सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या. घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, "अगं, लोक काय म्हणतील याचीच भीती वाटली बघ मला. नियमाची नव्हे." मला त्या दिवशी त्या फार मोठ्या वाटल्या. त्यांचा नियम आजही आहे. आता दवाखान्यात गेल्या की बसायच्या आधी नियम सांगतात.

म्हणून कट्ट्यावरच्या त्या वहिनींना मी उद्या भेटायला जाणार आहे. त्या दिवशी मान हलवली, त्याची क्षमा मागायची आहे, आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडं जायचं आहे. पुढच्या वेळी कुणी "रात्रीची गोळी सोडली" असं सांगितलं तर "धन्य" म्हणू नका. "डॉक्टरांना विचारलं होतं का?" असं विचारा. आपल्या कौतुकानंच बायका अर्ध्या गोळीवर थांबतात.

आणि आज एक काम करा. स्वयंपाकघरातला, देवघराच्या खालचा, फ्रीजवरचा, जिथं असेल तिथला तो डबा उघडा. पाकिटाच्या मागं उभी लाल रेघ दिसली तर त्याचा अर्थ चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही असा आहे. उरलेल्या, मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा. नाल्यात, विहिरीजवळ, परड्यात फेकू नका. तिथल्या जिवांनी काय केलं आहे? औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा. नसतील घेत तर वापरलेल्या चहापावडरीत मिसळून, पिशवी घट्ट बांधून, मुलांच्या आणि गाईगुरांच्या तोंडी लागणार नाहीत अशा कचऱ्यात टाका.

आमच्या त्या स्टीलच्या डब्यात आता वाती असतात.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.